पहिल्या भेटीत दाताला हात लावायचा नसतो: ऑटिझम असलेल्या मुलाला डेंटिस्टकडे नेण्याआधीची तयारी

आधी तारीख ठरवा, आणि ती दाढ ठणकायच्या आधीची ठरवा. खुर्ची, दिवा, आवाज आणि तोंडात शिरणारा परका हात, हे सगळं मुलाला पहिल्यांदा भेटलं तेच दुखऱ्या दाढेसकट, तर पुढची काही वर्षं त्या दवाखान्याचा जिना चढवणंही मुश्कील होतं. पहिला दात आल्यावर सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत दाखवावं, हा नियम सगळ्याच मुलांसाठी आहे. पण ऑटिझमचं निदानच पुष्कळदा मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर होतं आणि मग दोन वर्षं थेरपीच्या धावपळीत जातात. हुकलं ते हुकलं. मूल नऊ वर्षांचं असेल तर नवव्या वर्षी पहिली भेट, एवढंच.

कुणाकडे जायचं? एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेले बालदंतरोगतज्ज्ञ, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, जवळपास असतील तर उत्तम. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं इथे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो. तालुक्याच्या गावी असाल तर अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारा. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात दातांची कीड आणि ऑटिझम दोन्ही बसतात. पथकाच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे मुलांसाठीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येतं.

फोन करताना ‘मूल स्पेशल आहे’ एवढंच सांगून थांबू नका, त्यावरून समोरच्याला काहीच कळत नाही. दिवसातली पहिली वेळ मागा. तेव्हा बाहेर गर्दी नसते आणि शेजारच्या खोलीत ड्रिल सुरू झालेलं नसतं. फक्त खुर्चीत बसून परत यायचं आहे, हे स्पष्ट सांगा आणि त्याची तपासणी फी आधीच विचारून घ्या. पालकांना आत थांबू देतात का, लिफ्ट आहे का, नंबर येईपर्यंत बाहेर रिक्षात थांबलं तर फोन करून बोलावतील का, हेही विचारा.

मग एक पानभर माहिती लिहा आणि आदल्या दिवशी डॉक्टरांना पाठवा. मूल बोलतं का, ‘नको’ कसं सांगतं, कशाने बिथरतं, कशाने शांत होतं. त्याखाली औषधं, डोससकट. ही ओळ गाळू नका. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या सुजून वाढतात. व्हॅलप्रोएट चालू असेल तर प्लेटलेट कमी होऊन दात काढताना रक्त जास्त जाऊ शकतं. लाळ कमी करणाऱ्या औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि कीड लवकर लागते. गोड सिरप रात्री पाजून तसंच झोपवत असाल तर तेही लिहा. सोबत डाउन सिंड्रोम असेल तर हृदयाचा दोष आहे का हे कळवायलाच हवं, कारण काही दोषांमध्ये उपचाराआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. अशा मुलाची मान मागे ताणायची नसते, हेही लिहा.

खरा वेळ जातो तो घरच्या सरावात. निदान तीन आठवडे धरा. रोज तेच ठिकाण, तीच वेळ, तोच क्रम. जमिनीवर मांडी घालून बसा, मुलाचं डोकं मांडीवर घ्या, तोंड छताकडे. दवाखान्यातल्या खुर्चीत हीच स्थिती असते. पहिल्या आठवड्यात फक्त ओठ, गाल आणि समोरचे दात ब्रशच्या मागच्या टोकाने टेकवायचे. मोठ्याने एक ते पाच मोजायचं आणि पाचला हात काढायचा. मूल शांत असलं, आणखी थोडा वेळ चाललं असतं असं वाटलं, तरीही पाचलाच काढायचा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: आज जमतंय म्हणून पालक वीसपर्यंत जातात, आकड्यावरचा विश्वास उडतो आणि सराव पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. दुसऱ्या आठवड्यात दाढा आणि दहापर्यंत मोजणी. तिसऱ्यात तोंड तपासायचा छोटा आरसा, मोबाइलचा टॉर्च, तोंडाला मास्क आणि हातात ग्लव्हज. ड्रिलचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून खेळताना ऐकवा. जीभ किंवा टाळूला नुसता स्पर्श झाला तरी उलटी येत असेल तर स्वतः रेटू नका, ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजच्या हालचाली आणि स्पर्शाची सवय शिकवणाऱ्यांना) सांगा.

टूथपेस्टचाही याच काळात निकाल लावा. पुदिन्याच्या तिखटपणाला मूल कंटाळत असेल तर सौम्य चवीची, कमी फेसाची पेस्ट घ्या. मात्र पाकिटावर फ्लोराइड १००० पीपीएम आहे का ते बघा, लहान मुलांच्या कित्येक पेस्टमध्ये ते कमी असतं किंवा नसतंच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. थेरपीत बक्षीस म्हणून बिस्किटाचे तुकडे किंवा चॉकलेट देत असतील तर तेही बदलायला सांगा. दर दहा मिनिटांनी तोंडात साखर जात असेल तर सकाळ-संध्याकाळचा ब्रश पुरा पडत नाही.

चित्रं लागतात, आणि ती त्याच दवाखान्याची लागतात. आदल्या आठवड्यात एकट्याने जाऊन दार, बाकडं, खुर्ची, दिवा आणि डॉक्टर यांचे पाच-सहा फोटो विचारून काढा. क्रमाने चिकटवा, शेवटी घराचा फोटो. ‘दुखणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘खुर्चीत बसायचं, दहा म्हटलं की संपलं’ असं सांगा. आणि घरातल्या मोठ्यांना बजावून ठेवा की ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य या घरात चालणार नाही. आजी-आजोबांना हे सांगणं कधीकधी मुलाला शिकवण्यापेक्षा जड जातं.

पिशवीत काळा गॉगल, कान झाकणारे हेडफोन, अंगावर घ्यायची जड गोधडी, घरचाच ब्रश, हातात चुरगळायचं नेहमीचं खेळणं आणि जादा टी-शर्ट ठेवा. दोन मोठी माणसं जा. एक मुलापाशी, दुसरं डॉक्टरांशी बोलायला. फिटचं सकाळचं औषध चुकवू नका. पोट भरलेलं असावं पण तुडुंब नको. आत गेल्यावर एका वेळी एकाच माणसाने बोलायचं. आई, बाबा, डॉक्टर आणि मदतनीस एकदम धीर द्यायला लागले की मूल कान दाबून घेतं. सोबत सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी असणं) असेल तर गुडघ्याखाली उशी द्या आणि खुर्ची हळूहळू मागे न्यायला सांगा. झटक्याने नेली की सगळं अंग ताठ होतं.

पुढच्या एखाद्या भेटीत मुलाची तयारी दिसली तर फ्लोराइड वॉर्निश, म्हणजे कीड रोखणारा लेप, लावून घ्या. ब्रशने काही क्षणांत लागतं, दात थोडे पिवळट आणि चिकट दिसतात, त्या दिवशी कडक आणि गरम खाणं टाळायचं. कीड असेल तर दातावर लावायच्या ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या औषधाबद्दल विचारा. सुई नाही, ड्रिल नाही, कीड बहुतेकदा थांबते. पण किडका भाग कायमचा काळा पडतो आणि कपड्याला लागलं तर डाग जात नाही. हे सगळ्यांना आधीच सांगितलं नाही तर ‘डॉक्टरांनी दात बिघडवला’ असं घरी ऐकावं लागतं. रात्री ठणकणाऱ्या किंवा सूज आलेल्या दाताला हा उपाय चालत नाही.

सुई द्यावीच लागली तर त्यानंतर दोन-तीन तास पहारा ठेवा. बधिर ओठ मूल गंमत म्हणून चावतं. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरट-पिवळा थर दिसतो, त्याला पू समजून घाबरायला होतं, पण ती बहुतेकदा चावल्याची जखम असते.

बरेच दात किडले असतील तर पूर्ण भूल देऊन एका बैठकीत सगळं करून घेणं हा पराभव नाही. भूलतज्ज्ञांना भेटा आणि उपाशी किती वेळ ठेवायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. साधारण हिशोब असा: हलकं जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी बंद. खिशात बिस्किट सापडलं तर भूल पुढे ढकलतात, तेव्हा सकाळी मुलाचे खिसे बघा. सर्दी-ताप असेल तर आदल्या दिवशीच कळवा. त्याच भुलेत रक्ततपासणी, कानाची तपासणी होते का तेही विचारा.

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगतेसाठी वर्षाला एक लाखापर्यंत विमा देते. खर्च आधी करून मग परत मिळतो, म्हणून प्रत्येक बिल मूळ प्रतीत जपा.

निघताना पुढची तारीख तिथेच घ्या, तीन महिन्यांनंतरची. वॉर्निश तीन ते सहा महिन्यांनी लावायचं असतं, पण सहा महिन्यांत मूल खुर्चीचा सराव विसरलेलं असतं.