पहिला सिंथ घेताय? दुकानात आणि जोडणीत या चुका टाळा

‘सिंथ खराब निघाला’ असा फोन गावाकडच्या घरगुती स्टुडिओतून आला की मी आधी सिंथकडे (म्हणजे सिंथेसायझरकडे) पाहतच नाही. वायरी पाहतो. एक वायर करंटची, एक आवाजाची, एक मिडीची, म्हणजे कुठली पट्टी दाबली ते कळवणारी. तिघींची कामं वेगळी आहेत, आणि बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो. मशीन ठणठणीत असतं. पण त्याहून महागातली चूक त्याआधीच, पैसे मोजताना झालेली असते.

हवा होता कॅसिओ, आणला सिंथ

आपल्याकडे पट्ट्या असलेल्या कुठल्याही वाद्याला कॅसिओ म्हणतात. बोलायला ठीक आहे, विकत घ्यायला नाही. भजनी मंडळाच्या साथीला, जयंतीच्या भीमगीतांना किंवा धुमाल पार्टीला ठेका, तबला आणि एका बोटावर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) हवे असतील तर तुम्हाला अरेंजर कीबोर्ड लागतो. यामाहाची पीएसआर-आय मालिका भारतीय ठेके घालून त्यासाठीच काढलेली आहे. मिनिलॉग किंवा मायक्रोफ्रीकसारखा सिंथ आणून त्यात ढोलकी शोधणारे मी पाहिले आहेत. तिथे ढोलकी नाही. मूळ सूर काढणारा ऑसिलेटर, त्याला गाळणारा फिल्टर आणि आवाजाची चढ-उतार ठरवणारा एन्व्हलप आहे, आवाज आपण घडवायचा. झाडीपट्टीच्या नाटकात भुताच्या प्रवेशाला लागणारा घूं-घूं आवाज, गाण्याखाली दाटून राहणारा पॅड, पोटात घुसणारा बेस हे सिंथचं खरं काम.

दुसरा प्रश्न, एका वेळी किती सूर वाजतात? मायक्रोब्रूट किंवा व्होल्का बेस या एकसुरी सिंथवर तीन पट्ट्यांचा कॉर्ड दाबून पूर्ण कॉर्ड मिळत नाही, आणि लगेच ‘पट्ट्या खराब’ असा निकाल लागतो. व्होल्का कीजला तीन सूर, मिनिलॉगला चार. मायक्रोफ्रीकमध्ये चार सूर एकत्र वाजवता येतात, पण ते सगळे एकाच फिल्टरमधून जातात. चार सुरांच्या सिंथवर सस्टेन पेडल दाबून पाचवा सूर वाजवला तर आधीचा एखादा गळतो. तो बिघाड नाही, तेवढीच त्याची ताकद आहे. पेटी वाजवणाऱ्याला दोन हातांनी वाजवायची सवय असेल, तर सहा-आठ सुरांच्या खाली जाऊ नये असं माझं मत.

आपल्या भागात सिंथ हाताळून घ्यायला मिळत नाही. बहुतेक जण ऑनलाइन मागवतात नाहीतर नागपूरच्या ओळखीवर घेतात. मग निदान खोकं आलं त्याच दिवशी उघडा. प्रत्येक पट्टी, प्रत्येक नॉब, प्रत्येक पिन तपासा. ‘रविवारी निवांत बघू’ म्हणेपर्यंत परत करायची मुदत जाते.

अडॅप्टर: इथे चूक झाली तर खरंच जळतं

व्होल्काला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या मध्यभागी प्लस असतो. गिटारच्या पेडलचा अडॅप्टरही ९ व्होल्टचाच असतो, पिनही तशीच बसते, पण त्याच्या मध्यभागी सहसा मायनस असतो. गिटारवाल्या मित्राचा अडॅप्टर ‘बसतोय ना, मग चालतो’ म्हणून लावायचा नाही. सिंथच्या मागे गोल खुणेत प्लस-मायनस छापलेले असतात आणि अडॅप्टरवरही असतात. दोन्ही जुळवा. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं. मिलिअँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कमी असले तर मशीन मध्येच बंद पडतं किंवा उगाच चाळे करतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेल्या सिंथचा अडॅप्टर आधी वाचा. ‘१००-२४०’ लिहिलं असेल तर लावा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जाणार, इथलाच वेगळा घ्या.

आवाज येत नाही, किंवा येतो पण पातळ

आधी हेडफोन थेट सिंथमध्ये लावा. आवाज आला तर सिंथ सुटला, पुढचं शोधा. ही एक गोष्ट केली तरी निम्मे फोन वाचतील.

यूएसबीची वायर लॅपटॉपला लावली म्हणजे आवाज गेला, ही सगळ्यात पसरलेली समजूत आहे. काही सिंथ यूएसबीवरून आवाज पाठवतात, पण मिनिलॉग, मायक्रोफ्रीक यांच्या यूएसबीतून फक्त मिडी जातं. मिडी म्हणजे तबलजीला बोल लिहून दिलेला कागद, त्याला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली, एवढंच त्यात असतं. आवाजासाठी सिंथच्या आउटपुटपासून ऑडिओ इंटरफेसपर्यंत (आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या डबीपर्यंत) वेगळी वायर लागतेच. आणि यूएसबीची वायर मोबाइल चार्जरची, फक्त करंट नेणारी असेल तर मिडीही जाणार नाही.

व्होल्कासारख्या छोट्या सिंथला एकच छोटी स्टीरिओ हेडफोन पिन असते. लोक तिला स्टीरिओ टू स्टीरिओ वायर लावून इंटरफेसच्या मोठ्या जॅकमध्ये घालतात, आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. इंटरफेसचं बॅलन्स्ड इनपुट पिनच्या टोकावरचा आणि मधल्या कड्यावरचा सिग्नल एकमेकांतून वजा करतं. डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज असेल तर वजाबाकी शून्य! उपाय सोपा आहे: एका बाजूला छोटी स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोठ्या मोनो पिना असलेली फाट्याची वायर घ्या आणि इंटरफेसच्या दोन वेगळ्या इनपुटांत लावा.

इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ बटण गिटारसाठी असतं. सिंथ लाइन लेव्हलचा आहे, त्यामुळे ते बंद ठेवा, नाहीतर आवाज फाटेल. सिंथचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत चढवा आणि इंटरफेसचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) असा ठेवा की रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वात मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल तर डायरेक्ट मॉनिटर (इंटरफेसमधूनच थेट ऐकणं) आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत, त्यातलं एक बंद करा. बोट दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आवाज साठवून मग पुढे सोडायचा टप्पा, कमी करून पाहा. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पल म्हणजे एका दिशेलाच साधारण १२ मिलिसेकंद, तर १२८ वर जेमतेम तीन.

मिडी पोचतं पण सिंथ गप्प

मिडीचे १६ चॅनल असतात. सॉफ्टवेअर एकावर पाठवतंय आणि सिंथ दोनवर कान लावून बसलाय, हे नेहमीचं. छोट्या पिनेच्या मिडीत टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत. व्होल्का आणि मिनिलॉग बनवणारी कॉर्ग कंपनी ए वापरते, आर्टुरिया आणि नोव्हेशनच्या काही जुन्या उपकरणांत बी आहे. उलटी वायर लावली तर काही जळत नाही, फक्त काही पोचत नाही. पट्टी दाबल्यावर दोन आवाज चिकटून विचित्र घोगरा सूर आला, तर सॉफ्टवेअर तोच सूर सिंथला परत पाठवतंय. सिंथमध्ये लोकल कंट्रोल (पट्ट्या आणि आवाज यांची आतली थेट जोडणी) बंद करा. मात्र उद्या लॅपटॉपशिवाय वाजवताना ते पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर ‘भाऊ, पट्ट्याच नाई वाजून राह्यल्या’ म्हणून परत फोन.

घूंऽऽ

आपल्याकडची खरी डोकेदुखी ही, स्पीकरमधून सतत येणारी घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घरघर थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं जाऊन कडं तयार झालंय. मग सिंथची यूएसबी काढून पाच पिनांच्या गोल मिडी वायरने जोडा, कारण त्या इनपुटमध्ये प्रकाशाने सिग्नल पुढे जातो आणि विजेची जोडणी तुटलेली राहते. तरीही उरली तर आवाजाच्या वायरीत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (तिथली विजेची जोडणी तोडणारी डबी). अर्थिंगची जाड पिन तोडून घरघर घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

अर्थिंगही तपासून घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, कोळसा-मिठाचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. एप्रिल-मे महिन्यांत त्या खड्ड्यात पाणी घालत जा. कूलर आणि स्टुडिओ एका बोर्डावर नको, आणि कूलरची ओलसर हवा थेट सिंथवर तर नकोच. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घरघर वाढते. उलट लाईन गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस त्याच्या यूएसबीवर आणि व्होल्का सहा पेन्सिल सेलवर असेल तर जे रेकॉर्डिंग होतं, तितकं स्वच्छ एरवी क्वचितच मिळतं. मी बेसचे ट्रॅक मुद्दाम तसेच घेतो.

लाईन जाताना मात्र बदललेला पॅच (घडवलेला आवाज) सेव्ह केला नसेल तर तोही जातो. मनासारखा आवाज सापडला की आधी सेव्ह, मग चहा. मायक्रोब्रूट आणि व्होल्का कीजमध्ये आवाज साठवायची सोयच नाही, तिथे मोबाइलवर नॉबचा फोटो काढून ठेवा.

पेटीशी सूर जुळत नाही

सिंथ कारखान्यातून ४४० हर्ट्झवर येतो, गावातली पेटी कुठेही असू शकते. पेटी हलवता येत नाही, म्हणून सिंथचं मास्टर ट्यूनिंग सरकवा. अ‍ॅनालॉग सिंथ उन्हाळ्याच्या खोलीत चालू केल्यावर सुरुवातीला सरकतो. थोडा वेळ तापू द्या, मगच सूर लावा. आणि काल गायकाच्या काळी चारसाठी लावलेलं ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणं) आज शून्यावर आहे का, हे रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी बघा.