बी४५० बोर्ड आहे? बी५५० घेण्याआधी बायोस बघा

एएमडीच्या बी४५० मदरबोर्डवर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवायचा म्हटलं, की दुकानदार लगेच त्यापुढचा बी५५० बोर्ड काढून दाखवतो. थांबा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी आधी उघडा. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, तेच, एएम४. त्यामुळे बहुतेक बी४५० बोर्डांवर बायोस (संगणक सुरू करणारं, बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर) अपडेट केला की रायझन ५ ५६०० मजेत चालतो. अपडेट मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी करा, नाहीतर नव्यावर पडदा काळाच राहील. आणि यूपीएस नसेल तर वीज जायच्या वेळा टाळा!

बी५५० मध्ये खरं जास्तीचं मिळतं ते पीसीआयई ४.० (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडायचा मार्ग, ३.० पेक्षा वेगवान), तेही ग्राफिक्सच्या मुख्य स्लॉटला आणि एका एम.२ ला, म्हणजे एसएसडीच्या छोट्या स्लॉटला. ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) घेणार असाल तर तेही नाही, तो प्रोसेसरच ३.० वर अडलेला. एसएसडीचा वेग कागदावर दुप्पट दिसतो. विंडोज सुरू होताना किंवा गेम खेळताना फारसा जाणवत नाही. अपवाद आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या ग्राफिक्स कार्डांचा. त्याला लेन (डेटाच्या वाटा) चारच, म्हणून ३.० वर ते चांगलंच मार खातं.

मी तरी बोर्डाचे पैसे वरच्या प्रोसेसरमध्ये घालेन. एएम५ या पुढच्या सॉकेटवर जायचं तर डीडीआर५ रॅमही नवीच घ्यावी लागते.