सोसायटीच्या फ्लॅटमध्ये होमस्टे: आधी ठराव, मग रंगरंगोटी

"होमस्टे सुरू करतोय, भिंतींना कुठला रंग देऊ?" असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. द्या हो कुठलाही. मुंबईतला होमस्टे अडतो सोसायटीच्या ऑफिसात, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी विमानतळाजवळच्या पार्ले पूर्वेला राहत्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. पाहुणे म्हणजे गेटवे बघायला आलेले पर्यटक, ही समजूत आधी डोक्यातून काढा. माझ्याकडे उतरतात ते रात्री दोनच्या विमानानं आलेले, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला आलेले नाशिक-कोल्हापूरचे आईवडील, नाहीतर लग्नाचं वऱ्हाड. परळला घर असेल तर टाटा हॉस्पिटलच्या पेशंटचे नातेवाईक येणार. त्यांना महिनाभर राहायचं असतं आणि वरणभात शिजवायची सोय हवी असते. आपल्या भागात कोण येतं ते कळलं की खोलीत काय हवं ते ठरतं.

नोंदणी केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाकडे बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत होते, तशी राज्याच्या न्याहारी निवास योजनेतही होते. केंद्राच्या योजनेत 1 ते 6 खोल्या चालतात आणि मालक त्याच घरात राहत असावा लागतो. रिकामा फ्लॅट बुकिंगच्या ॲपवर चढवायचा, चावी वॉचमनकडे ठेवायची आणि त्याला होमस्टे म्हणायचं, या प्रकारानंच सोसायट्या बिथरल्यात. जमल्यास नोंदणी घरातल्या बाईच्या नावानं करा. राज्याच्या 2023च्या 'आई' धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. अर्थात दोन खोल्यांसाठी कर्ज काढायला निघालात तर मी आधी तुमची खर्चाची यादी तपासेन.

आता सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. इथे मी सपशेल आपटले होते.

पहिल्यांदा मी सेक्रेटरींना घरी बोलावलं, पोहे-चहा केला आणि लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र घेतलं. दीड वर्ष बरं गेलं. मग कमिटी बदलली. नव्या सेक्रेटरींनी विचारलं, "ठराव कुठाय?" ठराव नव्हताच. सात महिने खोल्या बंद, आणि आधी घेतलेली बुकिंगं रद्द करताना लोकांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. म्हणून सांगते, सेक्रेटरींच्या सहीवर जाऊ नका. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि तो इतिवृत्तात नोंदलेला हवा.

लेखी अर्ज द्या, शिक्का मारून पोच घ्या. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते आणि तिची नोटीस 14 दिवस आधी लागते, म्हणून अर्ज जुलैतच गेला पाहिजे. घाई असेल तर विशेष सभा बोलवायला सांगा, तिला 5 दिवसांची नोटीस पुरते. विषय अजेंड्यावर स्वतंत्र आकड्यानं छापून आला पाहिजे. "आयत्या वेळच्या विषयांत उरकून टाकू" असं कुणी गोड बोलून म्हणालं तर साफ नकार द्या. असा ठराव पुढं कुणीही ऐरागैरा उडवून लावतो. गणपूर्ती, म्हणजे सभेची किमान हजेरीही मोजा: सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यातला जो आकडा कमी असेल तो.

सभेत कायदा वाचायला मात्र उभं राहू नका. मी उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची प्रत घेऊन, खुणा वगैरे करून उभी राहिले होते. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुमचं कलम राहू द्या, रात्री दोनला लिफ्टचं दार कोण आपटणार ते सांगा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. लोकांचे प्रश्न तीनच असतात: पाणी, लिफ्ट आणि वॉचमन. परके लोक येतात हे चौथं, पण ते तोंडावर कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या सभेत मी एक कागद नेला. एका वेळी चारच्या वर माणसं नाहीत. रात्री अकरानंतर येणाऱ्याला मी स्वतः खाली जाऊन वर आणेन. प्रत्येकाचं नाव गेटवरच्या वहीत लिहीन. पाहुण्यांना पार्किंग नाही. मे महिन्यात टँकर मागवला तर दोन घरांचा वाटा भरेन. हे सगळं ठरावातच लिहून घ्यायला लावलं. वीस मिनिटांत मंजूर.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मागतील. ते मालकानं स्वतः न राहता भाड्यानं दिलेल्या घराला लागतात, आणि तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. तुम्ही त्याच घरात राहता, तेव्हा देऊ नका. टँकरचा वाटा मात्र न कुरकुरता भरा.

बाकीचं सोपं आहे. न्याहारी देणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) प्राथमिक नोंदणी, वर्षाला 100 रुपये. उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची भानगड नाही. ॲपवरून आलेल्या बुकिंगचा कर ॲपवालाच भरतो. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच घ्या. पावसाळ्यात चार लागतात, कारण धुतलेली चादर दोन दिवस दोरीवर ओलीच लोंबत असते.

परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म III (2025पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा. इथे आपली माणसं हमखास चुकतात. आडनाव जोशी, बोलणं अस्सल पुणेरी, पण पासपोर्ट अमेरिकेचा असेल तर तो पाहुणा परदेशीच. दारात चपला काढायच्या आधी पासपोर्ट मागा. लाज वाटते, तरी मागा.

पहिली एक-दोन बुकिंगं ॲपवरून घेऊ नका, इमारतीतल्याच कुणाच्या तरी पाहुण्यांना ठेवा. ठरावानंतर माझ्याकडे पहिल्यांदा उतरले ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचे साडू. रात्री दोनला आले, आणि लिफ्टचं दार त्यांनीच आपटलं.