मे महिन्यात उंदराच्या पेशींवरचं सीडी६२एल रंगवायचं तर

सीडी६२एल म्हणजे पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचं एक चिकट प्रथिन. चमकणारा रंग जोडलेल्या अँटीबॉडीनं ते रंगवायचं आणि फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं मशीन) पाहायचं. त्यासाठी आधी बर्फ. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात वीज गेली की आमच्या लॅबची भट्टी होते. इंटिग्रिनं (पेशीवरची दुसरी चिकट प्रथिनं: सीडी११ए, सीडी११बी) थोडीफार गरमी सोसतात, सीडी६२एल सोसत नाही. पेशी चेतली की एडीएएम१७ हे विकर ते पृष्ठभागावरून कापून टाकतं. मग मशीनवर पेशी निगेटिव्ह (न रंगलेल्या) दिसतात आणि पोरं अँटीबॉडीच्या नावानं बोटं मोडतात.

नीतिसमितीची मंजुरी हातात आल्यावरच पुढचं. प्लीहा थंडगार पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर, २ टक्के सीरम घालून) ७० मायक्रॉनच्या गाळणीवर सिरिंजच्या दट्ट्यानं हलकेच दाबा. तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडनं फोडा. प्रोटोकॉलमधलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २२-२५ अंश, आपल्या खोलीचं नव्हे! दोनेक मिनिटांत भरपूर थंड बफर ओता, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा.

१०० मायक्रोलिटरमध्ये १० लाख पेशी घ्या. रंगाआधी १० मिनिटं २.४जी२ द्या, म्हणजे एफसी ब्लॉक (अँटीबॉडीची शेपटी धरणाऱ्या, पेशीवरच्या जागा झाकणारी अँटीबॉडी). ही पायरी गाळली तर मॅक्रोफेज कुठलीही अँटीबॉडी शेपटीकडून धरतात. पण २.४जी२ स्वतः उंदीर नव्हे, रॅटची अँटीबॉडी आहे. वर अँटी-रॅट सेकंडरी (रॅटच्या अँटीबॉडीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी) टाकलीत तर ती ब्लॉकलाच चिकटेल. म्हणून थेट रंग जोडलेलीच घ्या (पुढची नावं अँटीबॉडीच्या क्लोनची, म्हणजे वाणांची): सीडी६२एलसाठी एमईएल-१४, सीडी११बीसाठी एम१/७०, सीडी११एसाठी एम१७/४, आयकॅम-१ (आणखी एक चिकट प्रथिन) साठी वायएन१/१.७.४. कमी असलेल्या प्रथिनाला पीई (तेजस्वी रंग), मुबलक असलेल्याला एफआयटीसी (त्याहून फिकट रंग). पीई आणि एपीसी (आणखी एक रंग) यांच्या कुप्या फ्रीजमध्येच, डीप फ्रीझरमध्ये कधीच नाही.

मात्रा कागदावरची मानू नका. १ मायक्रोग्रॅमपासून निम्मी-निम्मी करत जा आणि निगेटिव्ह व पॉझिटिव्ह सर्वांत लांब जिथे होतात ती घ्या, पैसेही वाचतात. अर्धा तास बर्फावर, अंधारात, मग दोनदा धुवा. आयसोटाइप (त्याच प्रकारची, पण कुठल्याच प्रथिनाला न ओळखणारी कंट्रोल अँटीबॉडी) लावायचा तर जुळणारा लावा: एम१/७० चा रॅट आयजीजी२बी, एमईएल-१४ चा आयजीजी२ए. गेट (पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली रेघ) कुठे आखायचा हे मात्र मी एफएमओवरच (एक रंग सोडून बाकी सगळे दिलेला नमुना) ठरवते.

सायटोमीटर पुण्याला असेल आणि रात्रीच्या गाडीनं नमुने न्यायचे असतील, तर मेलेल्या पेशी ओळखायला फिक्स होणारा रंग आधी द्या, नंतर १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइड, म्हणजे पेशी फिक्स होऊन आहेत तशा टिकतात. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या डब्यात, पण गोठू देऊ नका. एकेका रंगाचे कंट्रोलही तसेच फिक्स करून त्याच डब्यात न्या, नाहीतर कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्यात मिसळलेली चमक वजा करणं) जुळत नाही.