घरच्या घरी लाकडी शार्कुटरी बोर्ड कसा बनवावा

शार्कुटरी हा फ्रेंच शब्द. खारवलेल्या, वाळवलेल्या, धुरी दिलेल्या मांसाच्या पदार्थांना आणि ते विकणाऱ्या दुकानालाही हेच नाव. या मांसाचे पातळ काप, चीज, ब्रेड, फळं, सुका मेवा असं सगळं ज्या फळीवर मांडून पाहुण्यांपुढे ठेवतात, तो शार्कुटरी बोर्ड. सुतारकामात याहून सोपी वस्तू क्वचितच सापडेल. सांधा नाही, खाच नाही, बिजागरी नाही. तरीही घरी केलेले कितीतरी बोर्ड काही महिन्यांत वाकतात, चिरतात, नाहीतर हाताला खरखरीत लागायला लागतात. दोष बहुधा कापणीत नसतो, पाण्याकडे झालेल्या दुर्लक्षात असतो. झाड तोडून कितीही वर्षं झाली, तरी लाकूड हवेतला ओलावा घेत राहतं आणि सोडत राहतं. पुढच्या बहुतेक सूचना त्यासाठीच आहेत.

लाकूड

कठीण आणि बारीक छिद्रांचं लाकूड हवं. मेपल, बीच, चेरी, अक्रोड ही नेहमीची नावं. ओक आणि अॅश मजबूत असतात, पण त्यांची छिद्रं मोठी, त्यात अन्नाचे कण अडकतात. साग पाण्याला चांगला टिकतो. फक्त त्यात सिलिका असल्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते. पाइन स्वस्त आणि कापायला सोपं, पण मऊ असल्यानं सुरीचे व्रण पटकन उमटतात, शिवाय राळेचा वास येतो.

प्लायवुड आणि एमडीएफ नको. कीड लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूडही नको. जुन्या पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्यांचा मोह होतो, पण त्यावर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्या लाकडाला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. कोणत्या झाडाचं लाकूड हे सांगता येत नसेल तर ते दुसऱ्या कामाला ठेवा.

फळी पाहताना तिचं टोक आधी पाहावं. खोडाचा अगदी मधला गाभा त्यात आला असेल तर फळी तिथून हमखास चिरते. मग सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहा. डुगडुगली तर ती पिळवटलेली आहे. आणलेली फळी लगेच कापायला घेऊ नका. खाली दोन पट्ट्या देऊन, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी घरात दोनेक आठवडे ठेवा. जी काही वाकायची असेल ती आत्ताच वाकू दे. ओलावा मोजायचं मीटर हाताशी असेल तर 8 ते 12 टक्के हा आकडा बरा.

लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. मेपलची 20 सेंटिमीटर रुंद फळी तिच्यातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर दोन-तीन मिलिमीटर फुगते किंवा आकसते. म्हणून बोर्ड वाकू नये या हेतूनं खालून आडवी पट्टी चिकटवू नका. पट्टी लांबीत हलत नाही, फळी रुंदीत हलते, आणि या ओढाताणीत फळी फाटते.

माप आणि आकार

पहिल्या बोर्डसाठी 45 सेंटिमीटर लांब, 20 रुंद आणि 20 मिलिमीटर जाड हे माप धरा. मेपलमध्ये त्याचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पदार्थ मांडूनही उचलता येतो. जाड बोर्ड फोटोत भारदस्त दिसतो खरा, पण घरात मग तो कुणी उचलत नाही.

एवढी रुंद फळी मिळाली नाही तर अरुंद पट्ट्या जोडा. पट्ट्यांच्या कडा रंध्यानं अशा सरळ करा की दोन पट्ट्या भिडवल्यावर मधून उजेड दिसू नये. गोंद पाण्याला टिकणारा, डी३ किंवा डी४ प्रतीचा घ्या आणि वाळल्यावर तो अन्नाजवळ चालतो असं डब्यावर लिहिलेलं आहे ना, तेही वाचा. क्लॅम्प एवढेच आवळा की सांध्यातून गोंदाचे बारीक मणी डोकावतील. फार आवळले तर सगळा गोंद बाहेर येतो. आता पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. गोंदातलं पाणी पिऊन सांध्याजवळचं लाकूड थोडं फुगलेलं असतं. तशातच घासून सपाट केलं तर ते वाळल्यावर सांध्याच्या जागी बारीक खळगी पडते.

आकार जाड कागदावर काढा. कागद मधोमध दुमडून कापला की दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. मूठ 10 ते 12 सेंटिमीटर लांब, 4 ते 5 रुंद पुरे. ती लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच निघायला हवी. रेषा मुठीला आडव्या गेल्या तर एखाद्या दिवशी मूठ हातात आणि बोर्ड जमिनीवर. मूठ जिथे बोर्डला मिळते तिथे टोकदार कोपरा न ठेवता गोलाई द्या. चीर तिथूनच सुरू होते.

कापणी

अडकवायचं भोक आधी पाडावं, आकार नंतर कापावा. अखंड फळी क्लॅम्पमध्ये नीट बसते. 25 मिलिमीटरचं भोक पुरे. खाली एक टाकाऊ तुकडा दाबून धरला की ड्रिल बाहेर पडताना ढलप्या निघत नाहीत.

जिगसॉला, म्हणजे वळणं कापणाऱ्या विजेच्या करवतीला, बारीक दातांचं पातं लावा. नेहमीचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरची बाजू फाटते. म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची. रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापा आणि उरलेलं कानशीनं व सँडपेपरनं रेघेपर्यंत आणा. आतल्या गोलाईसाठी नळीच्या तुकड्याला सँडपेपर गुंडाळला की काम होतं.

वरच्या कडांना तीन मिलिमीटरची गोलाई द्या. खालच्या कडेला त्याहून थोडी जास्त, म्हणजे टेबलावरून उचलताना बोटं आत शिरतात. राउटर, म्हणजे कडा घडवायचं सुतारी यंत्र, असेल तर दहा मिनिटांचं काम. नसेल तर कानस आणि सँडपेपरनं अर्धा तास लागेल, आणि खरं सांगायचं तर हातानं केलेली गोलाई जास्त छान लागते.

घासणं

इथे घाई कराल तर बोर्ड जन्मभर ते दाखवत राहील. 80 नंबरच्या सँडपेपरपासून सुरुवात, मग 120, 180, 220; नंबर वाढतो तसा कागद बारीक होत जातो. मधला एकही नंबर गाळू नका. प्रत्येक नंबरचं काम आधीच्या नंबरचे ओरखडे काढणं हे आहे. 80 चे खोल ओरखडे 220 नं निघत नाहीत, फक्त चकाकतात, आणि तेल लागताच उठून दिसतात. प्रत्येक नंबरआधी पृष्ठभागावर पेन्सिलीनं नागमोडी रेघा ओढा. रेघा पूर्ण गेल्या की पुढचा नंबर. हातानं घासताना रेषांच्या दिशेनंच घासा. अधूनमधून टॉर्च फळीला आडवा धरून पाहा, वरच्या दिव्यात न दिसलेलं सगळं दिसतं. टोकाच्या कडा तेल जास्त पितात आणि गडद होतात. त्यांना 320 पर्यंत न्या.

मास्क लावल्याशिवाय हे काम करू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

220 झाल्यावर फळी काचेसारखी लागते आणि आपण तेलाची बाटली उघडतो. थांबा. ओल्या फडक्यानं सगळा बोर्ड पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आता हात फिरवा, खरखरीत लागेल. घासताना दबलेले तंतू पाणी लागताच उभे राहतात. 220 नं अगदी हलक्या हातानं ते काढा. हे सगळं पुन्हा एकदा करा. आज हे टाळलंत तर पहिल्या धुण्यानंतर बोर्ड खरखरीत होणारच.

तेल

स्वयंपाकाचं तेल लावू नका. ते वाळत नाही, काही आठवड्यांत खवट होतं आणि तो वास चीजला लागतो. खाद्य प्रतीचं मिनरल ऑइल, म्हणजे लिक्विड पॅराफिन, खवट होत नाही. भरपूर लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी उरलेलं पुसा. असं तीन-चार वेळा. दोन्ही बाजूंना आणि सगळ्या कडांना सारखंच. माझ्या पहिल्या बोर्डला मी फक्त दर्शनी बाजूला तेल लावलं होतं. दोन महिन्यांत त्याची होडी झाली.

वरून मेणाचा हात दिला तर पाणी जास्त वेळ बाहेर राहतं. चार भाग तेल, एक भाग मधमाशीचं मेण, असं वजनानं घ्या. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं.

जवसाचं किंवा टंग झाडाच्या बियांचं तेल लाकडात वाळून घट्ट होतं आणि जास्त टिकतं. मात्र रंगाच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते इथे चालत नाही. जवसाचं तेल पुसलेली फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा. अक्रोडाचं तेल वापरलं असेल तर सुक्या मेव्याची अॅलर्जी असलेल्या पाहुण्यांना आधी सांगा.

वापर

कोमट पाणी, थोडा साबण, आणि दोन्ही बाजू धुवायच्या. भिजत ठेवायचा नाही, डिशवॉशरमध्ये घालायचा नाही. धुतल्यावर पुसून कडेवर उभा करा. ओट्यावर आडवा ठेवला की वरची बाजू आधी वाळून आकसते, खालची ओली राहते, आणि कडा वर येतात.

लाकूड अस्वच्छ असतं, हा आक्षेप ऐकू येईल. 1990 च्या दशकात अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लिव्हर यांनी हे तपासलं. लाकडावर टाकलेले जिवाणू ओलाव्यासोबत आत ओढले गेले आणि तिथे वाढले नाहीत, असं त्यांना आढळलं. तरी कच्चं मांस कापायला वेगळा बोर्ड ठेवा.

पुन्हा तेल कधी लावायचं, हे कॅलेंडर पाहून ठरवू नका. बोर्डवर पाण्याचा थेंब टाका. थेंब गोल राहिला तर बोर्ड ठीक आहे. पसरून डाग पडला तर त्या रात्री तेल लावा.