ऑटोकॅडमध्ये तुर्की अक्षरं: फॉन्टला हात लावण्याआधी या चुका टाळा

तुर्कस्तानातून आलेलं ड्रॉइंग उघडलं, टायटल ब्लॉकमधला मजकूर विस्कटलेला दिसला, की आपण सरळ फॉन्ट बदलत सुटतो. पहिली चूक हीच. अक्षर कसं बिघडलंय ते आधी बघा.

अक्षराजागी प्रश्नचिन्ह किंवा रिकामा चौकोन असेल, तर बहुधा मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्टमध्ये ते अक्षर नसतं. ओळ निवडा, प्रॉपर्टीज पॅलेट उघडा. तिथे शब्द नीट दिसला, तर स्टाइल कमांडमध्ये एसएचएक्सऐवजी (हा ऑटोकॅडचा स्वतःचा फॉन्ट-प्रकार) एरियलसारखा ट्रूटाइप फॉन्ट द्या. तरीही एखादी ओळ ढिम्म हलत नाही, कारण एमटेक्स्टमध्ये (अनेक ओळींच्या मजकुरात) कुणीतरी तेवढ्यापुरता वेगळा फॉन्ट लावलेला असतो. एडिटरमध्ये जाऊन रिमूव्ह फॉरमॅटिंग करा. नव्या फॉन्टची रुंदी वेगळी असते, तेव्हा तक्त्यांवर नजर टाका.

दुसऱ्या प्रकारात प्रश्नचिन्ह नसतं, भलतंच अक्षर असतं. तुर्कीत प्रवेशाला ‘गिरिश’ म्हणतात (आपल्या गिरीशचा संबंध नाही). कॅपिटलमध्ये लिहिलेल्या या शब्दात टिंबाच्या आयजागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला वाय आणि शेपटीच्या एसजागी आइसलँडचं ‘थॉर्न’ आलं, तर दोष कोडपेजचा, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याचा. विंडोजच्या १२५२ या कोडपेजात आइसलँडिकची सहा अक्षरं जिथे बसतात, तिथेच १२५४ मध्ये तुर्कीची सहा बसतात. दोन टिंबांचे ओ-यू आणि शेपटीचा सी दोन्हीकडे एकाच जागी असल्याने अर्धी ओळ बरोबर दिसते आणि माणूस फसतो. इथे फॉन्ट बदलून काडीचाही उपयोग नाही. जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून ज्यांनी कपाळाला हात लावलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. हा घोळ बहुतेक जुन्या डीएक्सएफमध्ये (ड्रॉइंगची देवाणघेवाण करायच्या फाइलमध्ये) सापडतो. २००७ च्या फॉरमॅटपासून ती फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपींना चालणाऱ्या एकाच पद्धतीत असते. पाठवणाऱ्याकडे अक्षरं नीट दिसत असतील, तर नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून मागवा.

टाइप करताना तुर्की क्यू कीबोर्ड चालू करून विसरू नका. आपल्या स्वल्पविरामाच्या कळीवर तिथे दोन टिंबांचा ओ असतो, त्यामुळे लाइन कमांडला दिलेले को-ऑर्डिनेट फसतात. नेहमीच्या आयच्या कळीवर बिनटिंबाचा आय येतो, टिंबाचा आय एलच्या उजवीकडे दुसऱ्या कळीवर. दोन-चार शब्दांसाठी कीबोर्ड बदलूच नका: बॅकस्लॅश, कॅपिटल यू, अधिकचं चिन्ह आणि ०१३० (इंग्रजी आकड्यांत, मध्ये जागा न सोडता) लिहिलं की टिंबाचा मोठा आय, ०१३१ लिहिलं की बिनटिंबाचा छोटा.

आणि ‘चालतंय की’ म्हणून साधा इंग्रजी आय ठोकू नका. नट-बोल्ट ‘आवळणे’ या अर्थाच्या तुर्की क्रियापदाचा जो मूळ धातू आहे, त्यात बिनटिंबाचा आय असतो. त्यावर टिंब पडलं की सरळ अश्लील शब्द होतो, आणि तो टॉर्कच्या सूचनेत छापला जातो.