सिक्स-मॅन प्लेऑफचं भाकीत: ऑगस्टमधल्या या चुका टाळा

ऑगस्ट लागला की टेक्ससमध्ये छोट्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉलचे अंदाज निघायला लागतात. कोणता संघ डिस्ट्रिक्ट (शाळांचा आपला गट) जिंकणार, कोण प्लेऑफला (बाद फेऱ्यांना) जाणार, डिसेंबरात आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर फायनलला कोण उतरणार. यातले बरेच अंदाज नोव्हेंबरपर्यंत कोसळतात, कारण अकरा जणांच्या फुटबॉलचे ठोकताळे सहा जणांच्या, म्हणजे सिक्स-मॅनच्या, खेळाला जसेच्या तसे लावलेले असतात. सिक्स-मॅनमध्ये तुम्ही शाळेबद्दल नव्हे, तर आठ-दहा पोरांबद्दल अंदाज बांधत असता. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात: 1934 साली नेब्रास्कातल्या छोट्या शाळांसाठी स्टीफन एप्लर यांनी हा प्रकार आखला. मैदान 80 यार्ड लांब, 40 यार्ड रुंद. फर्स्ट डाउनसाठी (बॉल आपल्याकडे राखायला जेवढं पुढे जावं लागतं त्यासाठी) दहाऐवजी पंधरा यार्ड लागतात. सहाही जण पास झेलू शकतात, अगदी चाल सुरू करताना बॉल मागे टाकणारा सेंटरसुद्धा. स्नॅप (सेंटरने मागे टाकलेला बॉल) घेणाऱ्याला बॉल दुसऱ्याकडे दिल्याशिवाय स्वतः लाइन (चाल सुरू होते ती रेषा) ओलांडून पळता येत नाही. मध्यंतराला किंवा त्यानंतर केव्हाही 45 गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो.

परतणारे खेळाडू दोनदा मोजणं

सर्वात महाग पडणारी चूक ही. सीझनपूर्व माहितीत लिहिलेलं असतं, "ऑफेन्सचे पाच आणि डिफेन्सचे चार स्टार्टर परतताहेत." ऑफेन्स म्हणजे आक्रमण, डिफेन्स म्हणजे बचाव, आणि स्टार्टर म्हणजे सुरुवातीपासून खेळणारे. वाचणारा नऊ धरतो. पण बारा-पंधरा जणांच्या रोस्टरमध्ये (संघाच्या यादीत) तीच पोरं दोन्ही बाजूंना खेळतात, त्यामुळे ते नऊ म्हणजे प्रत्यक्षात पाचच जण असू शकतात. आधी नंबरनिशी यादी करा आणि डोकी मोजा.

डोकी मोजूनही काम संपत नाही. समजा, गेल्या वर्षी संघाने 70 टचडाउन (बॉल समोरच्या गोलरेषेपलीकडे नेणं) केले आणि त्यातले 45 दोन सिनियरांच्या (बारावीच्या पोरांच्या) नावावर होते. ते दोघे पास होऊन गेले. कागदावर सहापैकी चार, म्हणजे 67 टक्के स्टार्टर परतले; पण गुण करणाऱ्या हातांपैकी परतले 25 भागिले 70, म्हणजे जेमतेम 36 टक्के. या दोन आकड्यांतल्या फरकातच अख्खा सीझन जातो.

म्हणून प्रत्येक संघासाठी तक्त्यात निदान हे रकाने हवेत: जर्सी नंबर, इयत्ता, गेल्या वर्षीच्या टचडाउनमधला वाटा, टॅकलमधला (बॉलवाल्याला पाडण्यातला) वाटा, किक कोण मारतो, स्नॅप कोण टाकतो. शेवटच्या दोन रकान्यांकडे कुणी बघत नाही. सिक्स-मॅनच्या स्प्रेड फॉर्मेशनमध्ये (पसरून उभं राहण्याच्या मांडणीत) बॉल बराच मागे उभ्या असलेल्या बॅककडे फेकावा लागतो. नवा सेंटर आला आणि दर सामन्यात दोन-तीन स्नॅप जमिनीवरून घरंगळले, तर प्रत्येक वेळी दहा-बारा यार्ड जातात, आणि फर्स्ट डाउनला आधीच पंधरा लागतात.

मग दुखापती. कबड्डीत एक चांगला चढाईपटू बाहेर गेला की सामन्याचा रंग बदलतो, तसंच इथे होतं. फक्त इथे बाकावर पर्याय म्हणून नववीतलं 55 किलोचं पोर असतं. रोस्टरमध्ये दहापेक्षा कमी पोरं असतील, तर संघ कितीही तगडा दिसो, त्याच्या रेटिंगमधून (तुम्ही दिलेल्या ताकदीच्या आकड्यातून) थोडं वजा करा. पाच-सहा सिनियरांवर उभा असलेला आठ जणांचा संघ सप्टेंबरात भारी वाटतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो पूर्णच्या पूर्ण मैदानात उतरेल याची खात्री कुणीच देऊ नये.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पोरांचा गाभा टिकला, तर छोट्या शाळा लागोपाठ जिंकतात. सरकारी शाळांची संघटना यूआयएल हिच्या 1ए (सर्वात छोट्या शाळांच्या) वर्गातल्या डिव्हिजन 1 मध्ये वेस्टब्रूकने 2021 आणि 2022 ही दोन वर्षं जिंकली, गॉर्डनने 2023 आणि 2024. डिव्हिजन 2 मध्ये बेंजामिनने 2022 आणि 2023. त्यामुळे "चॅम्पियन पुन्हा येत नाही" असं सरसकट म्हणणं चूक, आणि "चॅम्पियन आहे, येणारच" हेही चूक. अकरावीत जिंकलेली पोरं बारावीत आहेत का, एवढंच बघायचं.

स्कोअर वाचताना फसणं

एका संघाने मध्यंतरालाच 46-0 अशी आघाडी घेऊन सामना संपवला. दुसऱ्याने चौथ्या क्वार्टरमध्ये 62-16 वर संपवला. फरक दोन्हीकडे 46. पण पहिल्याने ते दोन क्वार्टरमध्ये केलं, दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण सामना लागला आणि वर सोळा गुणही द्यावे लागले. 45 च्या नियमामुळे मोठे विजय एका ठिकाणी कापले जातात, त्यामुळे नुसत्या सरासरी फरकावर केलेली क्रमवारी उत्तम संघ आणि बऱ्या संघाला एकाच पातळीवर आणून ठेवते. उपाय सोपा आहे: मध्यंतराचा स्कोअर आणि सामना कोणत्या क्वार्टरमध्ये संपला हे दोन रकाने वाढवा. मध्यंतराला संपलेल्या विजयाला जास्त वजन द्या. किती, ते गेल्या दोन वर्षांच्या निकालांवर ताडून ठरवा.

1-0 असा स्कोअर दिसला तर तो फॉरफिट, म्हणजे समोरचा संघ खेळलाच नाही. गुणांच्या सरासरीतून असे सामने काढून टाका, जय-पराजयात ठेवा. छोट्या शाळांत आणि होमस्कूल (घरी शिकणाऱ्या मुलांच्या) संघांत पोरं कमी पडल्यामुळे हे घडतं. ज्या संघाने स्वतः असे सामने सोडले असतील, त्याच्या पुढच्या सीझनच्या रोस्टरकडे जरा जास्त संशयाने बघा.

आता किकर. सिक्स-मॅनमध्ये टचडाउननंतर किक मारली तर दोन गुण आणि पळून किंवा पास करून केलं तर एक, म्हणजे अकरा जणांच्या खेळाच्या उलट. फील्ड गोलला (टचडाउन न करता खांबांमधून मारलेल्या किकला) तीन नव्हे, चार. हिशेब करून बघा. दोन्ही संघांनी आठ-आठ टचडाउन केले. एकाचा किकर चारपैकी तीन किक घालतो: आठ टचडाउनवर सहा यशस्वी किक, बारा गुण. दुसऱ्याकडे किकर नाही, पळून किंवा पास करून साठ टक्के वेळा जमतं: पाचच्या आसपास गुण. म्हणजे बरोबरीच्या सामन्यात सात गुणांचा फरक एकट्या पोराच्या पायामुळे पडतो. तरी बहुतेक सीझनपूर्व याद्यांत किकरचा उल्लेखही नसतो. तो सिनियर होता का, त्याच्या जागी कोण आहे, हे शाळेच्या वेळापत्रकाइतकंच आवर्जून शोधा.

जुन्या डिस्ट्रिक्टवर नवा ब्रॅकेट रचणं

यूआयएल दर दोन वर्षांनी, सम वर्षी फेब्रुवारीत, शाळांची नव्याने विभागणी करते. त्यासाठी आधीच्या ऑक्टोबरातली पटसंख्या धरतात. सम वर्षी अंदाज लिहिताना गेल्या वर्षीचा ब्रॅकेट (प्लेऑफच्या जोड्यांचा तक्ता) समोर ठेवला, तर निम्मं काम पाण्यात जातं: शाळा दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलेली असते, कधी डिव्हिजनही बदललेली असते, तर कधी पट वाढून ती अकरा जणांच्या फुटबॉलकडे वळलेली असते.

1ए च्या प्रत्येक डिव्हिजनमध्ये सोळा डिस्ट्रिक्ट असतात, आणि प्रत्येकातून फक्त दोन संघ प्लेऑफला जातात. एकूण 32. डिस्ट्रिक्टमध्ये चार-पाचच शाळा असल्या तर तिथले सामने होतात तीन किंवा चार. एका शुक्रवारी धक्का बसला की राज्यातल्या पहिल्या दहातला संघही घरी बसू शकतो. म्हणून राज्यभरातले 32 उत्तम संघ निवडून त्यांना प्लेऑफमध्ये बसवू नका. आधी प्रत्येक डिस्ट्रिक्टचे पहिले दोन काढा, मगच ब्रॅकेट भरा. तुमच्या यादीतला नववा संघ बाहेर आणि चाळिसावा आत असं झालं, तर ते बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट, ब्रॅकेट भूगोलावर चालतो. पश्चिम टेक्ससचे दोन दादा संघ तिसऱ्या फेरीतच एकमेकांसमोर येऊ शकतात. राज्यात दुसरा असलेला संघ दुसरा म्हणून संपेलच असं नाही. घरच्या मैदानाचे गुणही प्लेऑफमध्ये आपोआप जोडू नका. सामना कुठे व्हायचा हे दोन्ही शाळा मिळून ठरवतात, बऱ्याचदा मधल्या गावातलं मैदान निवडतात, आणि एकमत झालं नाही तर नाणेफेक होते.

होमस्कूल संघाला शाळा समजणं

इथे पटसंख्येचा आधारच सुटतो. होमस्कूल संघ एखाद्या गावाचा नसतो. तो अख्ख्या महानगराच्या परिसरातून, पन्नास-साठ किलोमीटरवरूनही पोरं गोळा करतो. त्यामुळे "छोटा संघ, छोटी ताकद" हे गणित चालत नाही. उलट, त्याला टिकवून ठेवणारी शाळेची इमारत नसते. एक कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं, दोन भावांनी खाजगी शाळेत प्रवेश घेतला, की बॅक आणि लाइनबॅकर दोन्ही गेले. मे महिन्यातली यादी ऑगस्टमध्ये खरी धरू नका. पॅड घालून सराव सुरू झाल्यावर आणि पहिला स्क्रिमेज (सराव सामना) झाल्यावर मैदानात किती जण होते ते बघा, मग लिहा.

कायद्यानेही चित्र हलवलं आहे. 2021 च्या हाऊस बिल 547 ने होमस्कूलच्या मुलांना यूआयएल संघात खेळण्याची वाट उघडली, पण शाळा-जिल्ह्याने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने) होकार दिला तरच. 2025 च्या सिनेट बिल 401 ने ते उलटं केलं: जिल्ह्याने ठराव करून नकार दिला नाही, तर दार उघडंच. होमस्कूल संघाचा अंदाज बांधताना आता त्या भागातल्या शाळा-जिल्ह्यांचे ठराव बघावे लागतात. आसपासच्या जिल्ह्यांनी दार उघडं ठेवलं असेल, तर संघाचा उत्तम रिसीव्हर (पास झेलणारा) तिकडच्या जर्सीत दिसू शकतो.

आणि संघटना एकत्र मिसळू नका. यूआयएल वेगळी, खाजगी शाळांची टॅप्स वेगळी, खाजगी, चार्टर आणि होमस्कूल संघांना घेणारी टायाओ वेगळी. प्रत्येकीचा ब्रॅकेट वेगळा, पात्रतेचे नियम वेगळे, "स्टेट चॅम्पियन"ही वेगळा. त्यांची तुलना करायची तर दुवा एकच: सप्टेंबरातले डिस्ट्रिक्टबाहेरचे सामने, जिथे हे संघ एकमेकांशी खेळतात. असे सामने कमी असतील तर दोन संघटनांचं एकत्रित रेटिंग काढूच नका. तीन सामन्यांवर उभं केलेलं रेटिंग आकडा म्हणून छान दिसतं, पण त्यात दम नसतो.

"हाच जिंकणार" म्हणणं

पाच फेऱ्या जिंकायच्या आहेत. समजा, तुमच्या आवडत्या संघाची शक्यता फेरीगणिक 95, 90, 85, 75 आणि 60 टक्के आहे. यातल्या एकाही सामन्यात तो कमकुवत नाही. गुणाकार करा: 33 टक्क्यांच्या आत. म्हणजे राज्यातला स्पष्ट दावेदारसुद्धा तीनपैकी दोन वेळा हरतो. प्रत्येक फेरीत तब्बल 90 टक्के धरली, तरी हाती 59 च येतात.

शक्यता काढायची रीत अशी. गेल्या वर्षीच्या रेटिंगवरून प्रत्येक सामन्याचा अपेक्षित फरक लिहा, त्यातून खरा फरक वजा करा, आणि या चुकांचं प्रमाण विचलन स्प्रेडशीटमध्ये काढा. समजा ते 28 गुण आलं. मग 14 गुणांनी सरस संघाची जिंकण्याची शक्यता 69 टक्के, 28 गुणांनी सरस असेल तर 84 टक्के. स्प्रेडशीटमधलं नॉर्मल डिस्ट्रिब्युशनचं सूत्र हे थेट देतं. सिक्स-मॅनमध्ये दोन टचडाउनची आघाडी चार मिनिटांत पुसली जाते, त्यामुळे अकरा जणांच्या खेळातला विचलनाचा आकडा उचलून इथे वापरू नका; शक्यता फुगतात.

गेल्या वर्षीचं रेटिंगही पूर्णच्या पूर्ण पुढे आणायचं नसतं. त्याला सरासरीकडे ओढावं लागतं, आणि किती ओढायचं हे परतणाऱ्या टचडाउनच्या त्या 36 टक्क्यांसारख्या आकड्यावर ठरतं. टचडाउन आणि टॅकलचा 80 टक्के वाटा परतत असेल तर थोडंच, 30 टक्के परतत असेल तर बरंच.

न तपासता पुढच्या वर्षी पुन्हा लिहिणं

पहिल्या सामन्याच्या आधी सगळे आकडे तारखेसह गोठवा, नंतर हात लावू नका. डिसेंबरात प्रत्येक सामन्यासाठी शक्यता आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग काढा. 80 टक्के दिलेला संघ जिंकला तर 0.04, हरला तर 0.64. सगळ्यांची सरासरी 0.25 च्या वर गेली, तर नाणं उडवून यापेक्षा बरे अंदाज आले असते. होमस्कूल, यूआयएल आणि टॅप्स यांची सरासरी वेगवेगळी काढा. बहुतेक वेळा होमस्कूलच्या रकान्यात चूक सर्वात मोठी निघते, आणि तिथलं कारण जवळजवळ नेहमी रोस्टरच असतं.

शेवटचं, आणि यात तडजोड नको. ही शाळकरी मुलं आहेत. गुडघ्याची दुखापत, मार्कांमुळे गेलेली पात्रता, घरचं स्थलांतर, हे तुमच्या तक्त्यात जर्सी नंबरसमोर राहू द्या. प्रसिद्ध करायच्या मजकुरात फक्त "दोन स्टार्टर अनिश्चित" एवढंच लिहा.